कोयनेच्या भेगेचे गणित

धरणाचे काँक्रीट भूकंपात कसे तडकते हे संगणकावर शिकणारा विद्यार्थी तेहरानचा असो, इस्तंबूलचा असो की शांघायचा, एका छेदचित्राशी त्याची गाठ पडतेच. उंची १०३ मीटर, पायथ्याशी जाडी सुमारे ७० मीटर, माथ्याशी पंधराच्या आत. पाण्याकडची बाजू जवळजवळ सरळ उभी. पलीकडची बाजू तिरकी चढत जाते आणि साडेसहासष्ट मीटर उंचीवर एकदम वळून ताठ होते. चित्राखाली नाव असते कोयना. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले, कराडपासून साठेक किलोमीटरवरचे हे धरण काँक्रीटच्या संगणकीय अभ्यासात जगभर कसोटीचा दगड म्हणून वापरले जाते. कृष्णा-कोयनेच्या संगमाकाठी राहणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक आहे.

हा मान धरणाला मिळाला तो एका आपत्तीमुळे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. धरण उभे राहिले. पण सांडव्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या उंच ठोकळ्यांवर, पाण्याच्या बाजूने आणि पलीकडच्या बाजूनेही, आडव्या भेगा दिसल्या. बहुतेक भेगा त्या वळणाच्या उंचीच्या आसपासच होत्या. काही ठिकाणी पाणी झिरपू लागले. पुढे भेगा भरून काढण्यात आल्या आणि ठोकळ्यांना मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले.

संशोधकांच्या दृष्टीने त्या पहाटे एक दुर्मीळ योग जुळून आला होता. धरण मोठे होते, जलाशयात ९१ मीटरहून अधिक उंचीपर्यंत पाणी होते, हादरा जबर होता, धरणाच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या कंपनमापकाने तो हादरा नोंदवून ठेवला होता आणि नंतर भेगा कुठे पडल्या हे माणसांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे प्रश्नही लिहिलेला आणि उत्तरही लिहिलेले. मधले गणित तेवढे करायचे. गणिताची पद्धत बरोबर असेल तर नोंदवलेला हादरा दिल्यावर भेग तिथेच पडायला हवी जिथे ती प्रत्यक्षात पडली. अशी पूर्ण जोडी जगात फार थोड्या धरणांची उपलब्ध आहे.

धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के, म्हणजे ०.०५ जी इतके आडवे बल धरले होते. त्या काळी हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जाई, त्यामुळे त्यात कुणाची हयगय नव्हती. कंपनमापकाने मात्र धरणाच्या आडव्या दिशेत जवळजवळ ०.५ जी इतके शिखर नोंदवले. या दोन आकड्यांची थेट तुलना करून ‘दसपट’ म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे अचूक नाही. पहिला आकडा सतत लागू असलेल्या बलाचा आहे, दुसरा क्षणभर येऊन गेलेल्या झटक्याचा. धरणाला काय सोसावे लागले हे ठरवायचे तर सबंध दहा सेकंदांचा हलकल्लोळ, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने, धरणावर सोडून पाहावा लागतो. ते काम हाताने होण्यासारखे नाही.

ते पहिल्यांदा नीट झाले कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. बनारस हिंदू विद्यापीठाचे पदवीधर असलेले अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये कोयनेच्या नुकसानीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी धरणाच्या उंच ठोकळ्याचा छेद संगणकात उभा केला आणि त्याला नोंदवलेला हादरा दिला. उतार बदलतो तिथे काँक्रीटच्या ताकदीपेक्षा बराच जास्त ताण आल्याचे गणिताने दाखवले. आकाराचे ते वळणच घात करून गेले होते.

यासाठी वापरलेली पद्धत म्हणजे फायनाइट एलिमेंट, मराठीत सान्त घटक पद्धत. मोठी वस्तू छोट्या चौकोनी-त्रिकोणी तुकड्यांत कल्पनेने कापायची. प्रत्येक तुकडा एवढा लहान की त्याच्यापुरता नियम साधा ठरतो : इतके ताणले की इतका विरोध. मग शेजारच्या तुकड्यांचे कोपरे एकमेकांशी जोडलेले राहिले पाहिजेत या अटीने हजारो समीकरणे एकत्र मांडायची आणि सोडवायची. भूकंपात हे दर क्षणाला नव्याने करावे लागते. कोयनेचा तो छेद असा मांडला की त्याचे स्वाभाविक हेलकावे सेकंदाला सुमारे तीन निघतात. भूकंपाच्या धक्क्यांतही याच लयीचे धक्के असतील तर झोपाळ्याला योग्य वेळी हात लावावा तसे माथ्याचे हेलकावे वाढत जातात आणि सगळा पीळ मानेशी, म्हणजे त्या वळणाशी येतो.

इथपर्यंतचे गणित काँक्रीट तडकतच नाही असे धरून केलेले असते. ताण ताकदीपलीकडे गेला एवढे ते सांगते. भेग पडल्यावर पुढे काय होईल, ती किती खोल जाईल, आरपार जाईल का, वरचा भाग पडेल का, हे विचारायचे तर काँक्रीटचा स्वभावच संगणकाला शिकवावा लागतो. येथून स्थापत्यशास्त्राची हद्द संपून पदार्थविज्ञानाची सुरू होते.

काँक्रीटचा स्वभाव एकांगी आहे. कोयनेच्या गणितांत दाबाखालची ताकद साधारण २४ मेगापास्कल धरतात आणि ताणाखालची २.९. म्हणजे दाबायला जितके बळ लागते त्याच्या आठव्या हिश्शात ते ओढून तुटते. त्याची लवचिकता सुमारे ३१ हजार मेगापास्कल धरली तर एक मीटर लांबीचा तुकडा ०.०९ मिलिमीटर ताणला की तडकायला लागतो. तुटतो मात्र काचेसारखा एका फटक्यात नाही. खडीचे दाणे, सिमेंटचा लगदा, त्यांच्यामधले कच्चे सांधे हे सगळे एकामागून एक सुटत जातात, आणि भेग उघडत असतानाही दोन बाजू एकमेकींना थोडे धरून ठेवतात. स्वीडनमधल्या लुंड इथल्या आर्ने हिलरबोर्ग यांनी १९७६ मध्ये हे धरून ठेवणे मोजता येईल अशा रूपात मांडले. एक चौरस मीटर भेग पूर्ण उघडायला किती ऊर्जा लागते, तो पदार्थाचा आकडा. कोयनेसाठी संशोधक तो साधारण १०० ते २०० न्यूटन प्रति मीटर या मर्यादेत धरतात. २०० धरला आणि पकड सरळ रेषेत कमी होते असे मानले, तर भेग ०.१४ मिलिमीटर उघडली की दोन बाजूंचा संबंध संपतो. पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी!

याच आकड्यांत संगणकीय गणिताचा मोठा सापळा दडलेला आहे. भेग ही तुकड्यांच्या एका ओळीत उमटते. भेगेला लागणारी ऊर्जा तुकड्याच्या घनफळावर मोजली, तर तुकडे जितके बारीक करावे तितकी ऊर्जा कमी भरते. जाळी अगदी बारीक केली की धरण जवळजवळ फुकटात तुटते. खरे धरण आपल्या जाळीकडे पाहून तुटत नाही. म्हणून तुकड्याच्या आकारानुसार त्याचा नियम बदलावा लागतो. इतका की एकूण ऊर्जा प्रत्येक चौरस मीटर भेगेमागे तेवढीच राहील. झ्देन्येक बाझान्त आणि बी. एच. ओह यांनी १९८३ मध्ये सुचवलेली ‘क्रॅक बँड’ पद्धत ती हीच. तिलाही वरची मर्यादा आहे. लवचिकता गुणिले भेगेची ऊर्जा, त्याची दुप्पट, भागिले ताकदीचा वर्ग. कोयनेचे आकडे घातले तर उत्तर येते सुमारे दीड मीटर. ऊर्जा १०० धरली तर पाऊण मीटर. याहून मोठा तुकडा घेतला की तुटताना त्यात साठलेली ऊर्जा भेगेला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त भरते आणि गणित भरकटते. १०३ मीटरच्या धरणाची मान दीड मीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांनी भरलेली एखादी रंगीत आकृती दिसली, तर तिच्या खाली लिहिलेल्या निष्कर्षाकडे जपून पाहावे.

आता प्रश्न असा, की सॉफ्टवेअरने तुकड्याचा ‘आकार’ म्हणून काय घेतले? क्षेत्रफळाचे वर्गमूळ, सर्वांत लांब बाजू, की भेगेला काटकोनात मोजलेली रुंदी? चौरस तुकडा आणि त्याच्या बाजूला समांतर भेग असेल तेव्हा तिन्ही एकच. लांबट, तिरपे तुकडे असतील तेव्हा तिन्हींचे उत्तर वेगळे आणि भेगेचा मार्गही वेगळा. वापरणाऱ्याला पडद्यावर फक्त लाल-निळी आकृती दिसते. फरक कोडच्या दोन-तीन ओळींत असतो. त्या ओळी वाचता येतात की नाही, हाच खुल्या आणि बंद सॉफ्टवेअरमधला संशोधनाच्या दृष्टीने खरा फरक आहे. फुकट मिळणे ही त्यातली दुय्यम गोष्ट.

१९९८ मध्ये बर्कलीचेच जीहो ली आणि ग्रेगरी फेन्व्हेस यांनी काँक्रीटचे नवे गणिती रूप मांडले आणि त्याची परीक्षा पुन्हा कोयनेवर घेतली. त्यांच्या मांडणीचे मर्म असे : ताणाने झालेली इजा आणि दाबाने झालेली इजा वेगवेगळ्या मोजायच्या. भूकंपात धरण डावीकडे झुकते तेव्हा उजवीकडची भेग उघडते. उलट झुकले की तीच भेग मिटते आणि दाब पुन्हा पूर्ववत पेलते. इजेचा एकच आकडा ठेवला तर मिटलेली भेगही अशक्त समजली जाईल आणि संगणकातले धरण खऱ्याच्या आधी कोसळेल. ही मांडणी पुढे अबॅकस या प्रसिद्ध व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये गेली. त्याच्या माहितीपुस्तिकेत कोयनेचे धरण नमुना-उदाहरण म्हणून छापलेले आहे. जगभरच्या विद्यार्थ्यांना कोयना माहीत झाली ती बरीचशी या वाटेने. पुस्तिका उत्तम आहे, आकडे पूर्ण दिलेले आहेत. पण समीकरणे सोडवणारा कोड मात्र कंपनीच्या कुलुपात आहे आणि परवान्याचे मोल लहान गावातल्या महाविद्यालयाला सहज झेपणारे नाही.

याला समांतर अशी दुसरी परंपराही बर्कलीतच वाढली. १९७३ मध्ये क्लाउस-युर्गेन बाथे, एडवर्ड विल्सन आणि फ्रेड पीटरसन यांचा सॅप-४ हा प्रोग्राम आला. फोरट्रानमधल्या त्याच्या मूळ ओळींसकट तो जगभर वाटला गेला आणि अनेक देशांतल्या अभियंत्यांची एक पिढी तो वाचून सान्त घटक पद्धत शिकली. १९८४ मध्ये फेन्व्हेस आणि चोप्रा यांनी काँक्रीट धरणांच्या भूकंप-विश्लेषणासाठी ईएजीडी-८४ हा प्रोग्राम अहवालासह प्रसिद्ध केला. पुढे फेन्व्हेस यांचे विद्यार्थी फ्रँक मकेना यांनी १९९७ च्या प्रबंधात जी चौकट उभारली तिच्यातून ओपनसीस हे सॉफ्टवेअर जन्मले. भूकंप-अभियांत्रिकीच्या संशोधनात आज ते सर्वत्र वापरले जाते आणि त्याचा संपूर्ण सोर्स कोड कुणालाही उघडून पाहता येतो. कोयनेच्या काँक्रीटचे गणित मांडणारा माणूस आणि या खुल्या प्रकल्पाच्या मुळाशी असलेला मार्गदर्शक एकच, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्याला भेगेच्या गणितातल्या खाचाखोचा ठाऊक असतात, त्यालाच त्या इतरांनी तपासाव्यात अशी निकड वाटते.

इतर क्षेत्रांतही त्याच सुमारास दारे उघडली. फ्रान्सच्या ईडीएफ या सरकारी वीज कंपनीने स्वतःची धरणे आणि अणुभट्ट्या तपासण्यासाठी घडवलेला कोड-आस्टर २००१ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला केला. अणू-रेणूंच्या हालचाली मोजणारा लॅम्प्स अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत तयार झाला, तो २००४ मध्ये त्याच परवान्याखाली आला. जीपीएलची मुख्य अट अशी, की कोड घ्या, बदला, वाटा. पण बदललेला कोड वाटाल तेव्हा तोही खुलाच ठेवा.

खुले सॉफ्टवेअर घडते कसे, हे कळायला ओपनसीसमध्ये नवा पदार्थ घालण्याचे काम जवळून पाहावे. समजा, कुणाला आपल्या भागातल्या काँक्रीटसाठी वेगळा नियम लिहायचा आहे. सबंध सॉफ्टवेअरला हात लावायचा नसतो. सी++ भाषेत एक लहानसा भाग लिहायचा, ज्याने तीन-चार प्रश्नांची उत्तरे दिली म्हणजे झाले : इतके ताणले तर ताण किती, आणखी थोडे ताणले तर तो किती बदलेल, आणि या टप्प्याची आठवण कायम करायची की पुसायची. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नवशिके नेमके तिथेच फसतात. भूकंपाच्या प्रत्येक क्षणासाठी सॉफ्टवेअर आधी एक अंदाज करते, तो चुकला तर दुसरा, मग तिसरा, आणि समीकरणे जुळली की मगच तो क्षण पक्का करते. त्यासाठी ‘कमिट’ आणि ‘आधीच्या स्थितीला परत जा’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. नियम लिहिणाऱ्याने इजेचा आकडा प्रत्येक अंदाजालाच वाढवून ठेवला, तर जे ताणणे कधी घडलेच नाही त्यानेही काँक्रीट तडकते. प्रोग्राम बंद पडत नाही, तक्रार करत नाही, सुबक आकृती काढून देतो. फक्त ती खोटी असते.

असा दोष सापडतो तो एका तुकड्याच्या चाचणीत. धरण बाजूला ठेवायचे. एकच चौकोन घ्यायचा, खालची बाजू घट्ट धरायची, वरची हळूहळू ओढायची. ताण २.९ पर्यंत सरळ चढायला हवा, मग उतरायला हवा, आणि आलेखाखालचे क्षेत्र दिलेल्या ऊर्जेइतके भरायला हवे. मग तोच तुकडा अर्ध्यात सोडायचा, दाबायचा, परत ओढायचा. मग एका पायरीच्या दहा पायऱ्या करायच्या. उत्तर बदलता कामा नये. दोन तासांचे काम आहे, आणि धरणाच्या रंगीत चित्रापेक्षा हे चार आलेख अधिक बोलके असतात. चांगल्या खुल्या प्रकल्पांत अशा शेकडो चाचण्या कोडसोबतच ठेवलेल्या असतात. कुणीही एक ओळ बदलली की त्या सगळ्या आपोआप पुन्हा चालतात, आणि एखादी जरी बिघडली तरी बदल आत घेतला जात नाही. या चाचण्या लिहिणाऱ्यांची नावे शोधनिबंधांवर क्वचितच येतात. खरे तर त्यांचे काम मूळ समीकरणाइतकेच मोलाचे आहे आणि विद्यापीठांनी ते संशोधन म्हणून मोजायला हवे.

अणूंच्या पातळीवर काम करणाऱ्यांनी याबाबत एक आदर्श घालून दिला आहे. पदार्थाचे गुणधर्म इलेक्ट्रॉनांच्या गणितातून काढणारे अनेक कोड आहेत, काही खुले, काही परवान्याचे. ते एकमेकांशी जुळतात का? २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक निबंध आला. १५ कोड, त्यांच्यातल्या ४० पद्धती, ७१ मूलद्रव्यांचे स्फटिक, आणि सगळ्यांना एकच प्रश्न : दाबले असता याची ऊर्जा कशी बदलते? अलीकडचे कोड आणि पद्धती एकमेकांशी उत्तम जुळल्या. जुन्या काही पद्धतींतले फरकही उघड झाले. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या गटांनी आपापली उत्तरे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडावीत, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात नोंद घ्यावी अशी आहे. काँक्रीटच्या भेगेसाठी इतकी शिस्तबद्ध जुळणी झालेली नाही. एकाच कोयनेवर वेगवेगळ्या निबंधांत भेग कुठे आडवी जाते, कुठे वाकून खाली उतरते, कुठे मानेसोबत पायथ्याशीही उमटते.

सान्त घटक पद्धत आता धरणापासून थेट इलेक्ट्रॉनापर्यंत पोहोचली आहे. मिशिगन विद्यापीठाचे विक्रम गविनी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे फणी मोटमर्री यांच्या गटांनी घडवलेला डीएफटी-एफई हा खुला कोड याच पद्धतीवर उभा आहे. त्याने मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंतले दोष सत्तर हजारांहून अधिक अणूंसह मोजले आणि त्या कामाला २०२३ चे गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले. या कोडच्या पायाशी आहे जर्मनीत सुरू झालेली डील-२ ही खुली ग्रंथालिका. तुकडे पाडण्याचे, समीकरणे जुळवण्याचे काम दुसऱ्यांनी आधीच करून, तपासून ठेवले होते. बांधकाम त्याच्यावर झाले.

महाराष्ट्रात संगणकीय पदार्थविज्ञानाची परंपरा जुनी आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात एक चमत्कारिक प्रयोग झाला. गॅलियम हा धातू ३० अंशांना, म्हणजे कराडच्या उन्हाळ्यात टेबलावर ठेवल्या ठेवल्या वितळतो. पण त्याच्या काही डझन अणूंचे पुंजके त्याहून कितीतरी जास्त तापमानालाही घट्ट राहतात असे दिसले. पुणे विद्यापीठात सजीव चाको, कविता जोशी आणि दिलीप कान्हेरे यांनी फ्रान्समधल्या स्टीव्हन ब्लंडेल यांच्यासह लगेच पुढच्या वर्षी त्याचे संगणकीय उत्तर दिले. १७ अणूंचा पुंजका सुमारे ६५० केल्विनला, १३ अणूंचा सुमारे १४०० केल्विनला वितळतो, कारण लहान पुंजक्यात अणू एकमेकांना सहसंयुज बंधांनी धरून असतात. त्याच सुमारास विद्यापीठात सेंटर फॉर मॉडेलिंग अँड सिम्युलेशन सुरू झाले. रेणूंमधल्या इलेक्ट्रॉन-घनतेचा अभ्यास पुण्यात रुजवणारे श्रीधर गद्रे आणि त्यांचे सहकारी स्पॅनिश संशोधकांसोबत डीएएमक्यूटी या खुल्या पॅकेजच्या घडणीत सहभागी झाले.

मुंबईत आयआयटीचा फॉसी प्रकल्प खुल्या सॉफ्टवेअरचा वापर महाविद्यालयांपर्यंत नेतो. पोलादी बांधकामाचे आराखडे भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस ८०० : २००७ प्रमाणे करणारे ओस्डॅग तिथेच तयार झाले. तिथले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी लिहिलेले मायावी हे त्रिमितीय आकृत्यांचे साधन जगभरचे संशोधक वापरतात. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले अनेक पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. ‘कोड इंग्रजीतच शिकावा लागतो’ ही समजूत त्यांनी बरीच सैल केली आहे.

कराड-सांगलीच्या पट्ट्यात या कामाला लागणारी माणसे आहेत. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. स्थापत्य अभियंत्यांच्या कितीतरी पिढ्या तिथून बाहेर पडल्या. कराडलगत हजारमाचीत केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. कोयना परिसरातले भूकंप जिथे उगम पावतात त्या खडकापर्यंत पोहोचण्याचा तिचा उपक्रम आहे. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर घेण्यात आले आहे. वरचा सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट, खाली ग्रॅनाइटसारखा पुरातन पाया. हा खडक किती ताणाला तुटतो, त्याच्या भेगांत पाणी शिरले की काय होते, हे प्रश्न धरणाच्या काँक्रीटला विचारलेल्या प्रश्नांचेच भाऊबंद आहेत, आणि त्यांना लागणारे गणितही त्याच घराण्यातले.

ओपनसीस आता पायथन भाषेतूनही चालवता येते. साध्या लॅपटॉपवर एका आज्ञेत ते बसते. कोयनेचा द्विमितीय छेद, दीड मीटरच्या आतले तुकडे, दहा सेकंदांचा हादरा हे गणित अशा यंत्रावर होण्यासारखे आहे. १९७३ मध्ये त्यासाठी विद्यापीठाचा मोठा संगणक लागत होता. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे एकदा करून पाहावे, आणि करताना प्रत्येक आकडा कुठून आला याची वही ठेवावी. कारण करण्यासारखे बरेच शिल्लक आहे.

बहुतेक निबंधांत गॅलरीतली नोंद थेट पायथ्याचा हादरा म्हणून वापरली जाते आणि खालचा खडक अचल धरला जातो. जलाशयाचे पाणी हे वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये दिलेल्या सूत्राने धरणाला चिकटवलेले जादा वजन म्हणून येते. भेगेत शिरलेल्या पाण्याचा दाब पुष्कळदा वगळलेलाच असतो. शेजारच्या ठोकळ्यांमधले सांधेही, कारण छेद एकाच ठोकळ्याचा.

सर्वांत मोठी उणीव पदार्थाचीच आहे. कोयनेचे धरण रबल काँक्रीटचे आहे, म्हणजे ओल्या काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवून भरलेले. गणितात मात्र सबंध धरणाला २.९ हा ताकदीचा एकच आकडा मिळतो, जणू ते माथ्यापासून पायापर्यंत एकजिनसी आहे. दगड कुठे आहे, दगड आणि लगदा यांचा सांधा किती कच्चा आहे, एका दिवशीचा थर दुसऱ्या दिवशीच्या थराला कसा चिकटला आहे, यांवर भेग सरळ जाईल की वळसा घेईल हे ठरते. दगड वेगळे, लगदा वेगळा आणि सांधा वेगळा धरून जाळी विणण्याची साधने आता खुल्या कोडांत उपलब्ध आहेत. सिमेंटचा लगदा घट्ट होताना आतून कसा बदलतो हे दाखवणारा सेमहायड-३डी हा प्रोग्राम अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने १९९० च्या दशकातच सर्वांना मोकळा करून दिला होता. हवे आहेत ते या भागातल्या बेसाल्टचे आणि त्याच्या काँक्रीटशी असलेल्या सांध्याचे मोजलेले आकडे : ओढून तोडलेल्या नमुन्यांचे, तारीख-वार, यंत्राच्या नोंदीसकट, कुणालाही वापरता येतील अशा फायलींत. असे नमुने तोडायला लागणारे दगड कोयनेच्या खोऱ्यात जागोजागी आहेत, आणि त्यासाठीचे चाचणीयंत्र अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या साहित्य-चाचणी प्रयोगशाळांत असतेच.